कोकण किनाऱ्यावर मॉडेलचे फोटो: आधी दिशा, मग प्रकाश, शेवटी पोझ

कोकणच्या किनाऱ्यावर काढलेले मॉडेलचे फोटो बिघडतात तेव्हा दोष बहुधा कामाच्या क्रमात असतो. गाडीतून उतरताच मोबाइलवर जतन करून ठेवलेली पोझ आधी ठरते, ती शोभेल अशी जागा नंतर शोधली जाते, आणि सूर्य कोठे आहे, वारा कोणत्या बाजूने येतो, पाणी चढते आहे की उतरते आहे, हे प्रश्न चेहरा काळवंडल्यावर, केस तोंडावर आल्यावर आणि वाळूवर ठेवलेली बॅग भिजल्यावर सुचतात. पुढील टप्प्यांत हाच क्रम उलटा लावला आहे. वाचकाला मॅन्युअल मोडवर कॅमेरा चालवता येतो आणि त्याच्याजवळ ५० किंवा ८५ मिलिमीटरची लेन्स, एक रिफ्लेक्टर (प्रकाश परतवणारा पडदा) व एक सुटा फ्लॅश आहे, एवढे येथे गृहीत धरले आहे. फ्लॅश नसणाऱ्यांनी सहाव्या टप्प्यातला फ्लॅशचा भाग सोडून दिला तरी बाकीचे काम अडत नाही.

## टप्पा १: दिशा ठरवणे

आपला समुद्र पश्चिमेला आहे. ही गोष्ट शाळेपासून सर्वांना माहीत असते, पण फोटो काढताना तिचा अर्थ लक्षात घेतला जात नाही. सकाळी सूर्य जमिनीच्या बाजूने येतो, म्हणून समुद्राकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या मॉडेलच्या चेहऱ्यावर तो समोरून किंवा तिरका पडतो आणि मागचे पाणी व आकाशही नीट उजळलेले असते. संध्याकाळी सूर्य समुद्रावर असतो. त्या वेळी समुद्राला पाठीशी घेतले की प्रकाश मॉडेलच्या मागून येतो, आकाश झगमगते आणि चेहरा सावलीत जातो. एकच जागा, एकच मॉडेल आणि एकच पोझ असूनही सकाळी जमलेला फोटो संध्याकाळी जमत नाही, त्याचे कारण एवढेच आहे.

वारा हाच निर्णय आणखी पक्का करतो. हवामान स्थिर असलेल्या दिवसांत, विशेषतः हिवाळ्यात, पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीकडून मतलई वारा हलका वाहतो, आणि जमीन तापल्यावर, साधारण दुपारपासून, समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. सकाळी समुद्राकडे पाठ केली तर वारा तोंडावर येतो आणि केस मागे जातात. संध्याकाळी तीच पाठ ठेवली तर वारा मागून येतो आणि सगळे केस चेहऱ्यावर येऊन पडतात. तासभर केस सावरण्यात घालवण्यापेक्षा दिशा बदलावी. सकाळी समुद्र मॉडेलच्या पाठीशी आणि संध्याकाळी जमीन मॉडेलच्या पाठीशी, असा ढोबळ नियम धरून चालावे. संध्याकाळी छायाचित्रकाराने पाण्याकडे पाठ करून उभे राहावे, मॉडेलने समुद्राकडे तोंड करावे आणि पार्श्वभूमीला सुरूचे बन, माडांची रांग किंवा वाळूची चढण घ्यावी. मावळतीचा प्रकाश चेहऱ्यावर थेट आणि मऊ पडतो, वारा केस मागे नेतो आणि बहुतेक वेळा रिफ्लेक्टरसुद्धा लागत नाही. तरीही किनाऱ्यावर आलेले दहापैकी नऊ जण सूर्याकडे कॅमेरा रोखूनच उभे असतात.

या नियमाला काही जागा अपवाद आहेत. मालवणजवळच्या देवबागला पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला कर्ली नदीची खाडी आहे, त्यामुळे तेथे खाडीच्या काठावर गेले की संध्याकाळीही पाणी पाठीशी घेऊन चेहऱ्यावर समोरचा प्रकाश मिळवता येतो. खाड्यांचे काठ, बंदरांचे आतले भाग आणि वळणदार उपसागर यांची दिशा नकाशावर स्वतंत्रपणे पाहावी.

सूर्य वर्षभर नेमक्या पश्चिमेला मावळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. कोकणात डिसेंबरच्या अखेरीस तो पश्चिमेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे आणि जूनच्या अखेरीस तेवढाच उत्तरेकडे सरकलेला असतो. मेमध्ये एखाद्या टेकाडाच्या बाजूला सूर्य पाण्यात बुडताना दिसला म्हणून डिसेंबरात तीच जागा धरली, तर सूर्य डोंगराच्या सोंडेमागे लवकर जाऊ शकतो.

तपासणी: जागेवर उभे राहून कंपासने किनाऱ्याची दिशा मोजा. मॉडेल कोठे पाहणार, सूर्य कोठे असणार आणि वारा कोठून येणार, हे तीन बाण कागदावर काढता येत नसतील तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नका.

## टप्पा २: दिवस आणि वेळ निवडणे

दिवस निवडताना सुट्टी पाहिली जाते, भरती पाहिली जात नाही. उतरत्या पाण्यानंतर उरलेली ओली, कडक वाळू ही किनाऱ्यावरची सर्वांत उपयोगी जमीन असते. तिच्यावर पाय रुतत नाहीत, आकाशाचे प्रतिबिंब उमटते, आणि खालून येणारा सौम्य प्रकाश हनुवटीखालची सावली भरून काढतो. पाणी पूर्ण चढलेले असेल तर गुहागरसारख्या लांब किनाऱ्यावरही सुरूच्या बनापर्यंतची अरुंद, मऊ आणि पावलांनी तुडवलेली पट्टी तेवढी उरते.

कोळी आणि गाबीत वस्त्यांत वापरला जाणारा हिशेब येथे कामी येतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ तासांत निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा होते, म्हणजे पूर्ण भरती सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास येते. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा होते, म्हणजे भरती दुपारी आणि मध्यरात्री, तर ओहोटी सकाळ-संध्याकाळ. यावरून सूर्यास्ताच्या वेळी रुंद ओली वाळू हवी असेल तर पौर्णिमा व अमावास्येच्या आसपासचे दिवस चांगले ठरतात. त्या दिवसांत उधाण असल्याने पाणी मागेही खूप दूर जाते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची चढउतार कमी असते, पण ऐन संध्याकाळी पाणी वर असते. हा हिशेब दिवस निवडण्यापुरता आहे. नेमकी वेळ त्या बंदराच्या भरतीच्या तक्त्यातूनच घ्यावी, कारण ठिकाणानुसार अर्धा-एक तासाचा फरक सहज पडतो. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आदल्या दिवशी पाहिलेली वेळ दुसऱ्या दिवशी लागू होत नाही.

सकाळच्या वेळेबाबत एक चूक वारंवार होते. पंचांगात दिलेल्या सूर्योदयाला किनाऱ्यावर ऊन येत नाही. पूर्वेला सह्याद्रीच्या फाट्यांचे डोंगर असतात आणि किनाऱ्याला लागून माड किंवा सुरू उभे असतात, त्यामुळे वाळूवर थेट ऊन पोचायला जागेनुसार बराच उशीर होतो. सूर्योदयानंतरचा हा सावलीचा काळ मात्र वाया घालवू नये. आकाश उजळलेले असते, चेहऱ्यावर कडक सावल्या नसतात आणि मॉडेलला डोळे बारीक करावे लागत नाहीत. जवळून चेहऱ्याचे फोटो काढण्यासाठी माझ्या मते संध्याकाळच्या सोनेरी उन्हापेक्षा ही वेळ अधिक भरवशाची आहे.

संध्याकाळी उरलेला वेळ मोजण्यासाठी हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये आडवी बोटे धरण्याची पद्धत प्रचलित आहे. चार बोटे म्हणजे एक तास, असे इंटरनेटवर सांगितले जाते, परंतु ते आपल्याकडे लागू पडत नाही. आपल्या अक्षांशावर सूर्य बराचसा उभा खाली उतरतो, त्यामुळे चार बोटे म्हणजे अर्धा तासच धरावा.

इशारा: एप्रिल-मे महिन्यांत सकाळी साडेनऊनंतर आणि दुपारी साडेचारपूर्वी उघड्या वाळूवर मॉडेलला उभे करू नका. मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठांवर उतरते आणि उन्हाचा त्रास होण्याचा धोका असतो तो वेगळाच.

## टप्पा ३: परवानगी, कपडे आणि सामान

सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग यांसारखे किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. तेथे ट्रायपॉड, लाइट स्टँड किंवा व्यावसायिक चित्रीकरण यांसाठी आधी परवानगी काढावी लागते, आणि गडाच्या दारात उभे राहून ती मिळत नाही. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या ही कोणाची तरी मालमत्ता आहे. होडीवर बसण्यापूर्वी तांडेलाला किंवा मालकाला विचारावे. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढली जात असेल तर दोरीच्या आणि माणसांच्या वाटेत जाऊ नये. वेळास, आंजर्ले यांसारख्या ज्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवे अंडी घालतात, तेथे रात्री फ्लॅश किंवा टॉर्च वापरू नये.

मॉडेलचे लेखी संमतिपत्र शूट सुरू होण्यापूर्वी घ्यावे आणि फोटो कोठे वापरले जाणार हे त्यात स्पष्ट लिहावे. मॉडेल अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची सही आणि उपस्थिती दोन्ही आवश्यक आहेत. कपडे बदलण्यासाठी जवळच्या घरगुती निवासात खोली आधीच ठरवून ठेवावी. गाडीच्या आडोशाला साडी बदलायला लावणे ही गैरसोय आहेच, शिवाय त्यानंतर मॉडेलच्या चेहऱ्यावर आलेला अवघडलेपणा कोणत्याही प्रकाशाने जात नाही.

कपड्यांत दोन टोके टाळावीत. शुभ्र सुती कपडा उन्हात पांढरा डाग होऊन बसतो आणि काळ्या कपड्याला मागच्या माडांच्या गडद सावलीत कडाच उरत नाही. मोतिया, हळदी, गडद निळा, डाळिंबी हे रंग येथे चांगले दिसतात. जरीच्या साडीवर थेट फ्लॅश मारल्यास जरीचे चट्टे उठतात, म्हणून अशा वेळी प्रकाश बाजूने द्यावा. नऊवारी असेल तर पिना दुप्पट घ्याव्यात.

सामानाची यादी लांबवत नाही. जे विसरले जाते तेवढेच सांगतो. स्टँडला बांधण्यासाठी दोन रिकाम्या पिशव्या घ्या, वाळू तेथेच भरता येते. ग्रे कार्ड (रंग जुळवण्यासाठीचे करडे पत्रक), लेन्स पुसण्याची तीन-चार स्वच्छ फडकी, गोड्या पाण्याची एक जादा बाटली, बसण्यासाठी जाड पंचा आणि मॉडेलच्या साध्या चपला विसरू नका. उंच टाचांचे सँडल फक्त चिऱ्यावर किंवा फरशीवर चालतात.

तपासणी: वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून कॅमेरा बाहेर काढल्यावर लेन्सवर बाष्प धरते. बंद बॅग किमान अर्धा तास आधी बाहेरच्या हवेत ठेवा, आणि लेन्स वाळूवर उभे राहून बदलू नका.

## टप्पा ४: जागेचा रंग ओळखणे

प्रकाश सूर्याकडून येतो तसा तो जमिनीवरून आणि भिंतींवरूनही येतो, आणि येताना त्यांचा रंग घेऊन येतो. कोकणात हे रंग फार ठळक असल्यामुळे या टप्प्यावर थोडे थांबावे लागेल.

जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत किंवा गडगा (दगडी कुंपण) उन्हात असेल तर तिच्याजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या सावलीकडच्या गालावर लालसर छटा येते. गव्हाळ रंगावर ती शोभूनही दिसते, परंतु चेहऱ्याची एक बाजू तांबडी आणि दुसरी निळसर झाली तर नंतर संगणकावर ती सुटता सुटत नाही. उपाय सोपा आहे: मॉडेलला उन्हातल्या भिंतीपासून दोन-तीन पावले पुढे आणा, किंवा भिंत सावलीत असताना वापरा.

माडाच्या आणि पोफळीच्या बागेत दोन अडचणी असतात. पानांतून गळणारे उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर चट्ट्यांसारखे उमटतात, आणि आत खोल गेल्यावर सगळ्या प्रकाशाला हिरवट छटा येते. म्हणून मॉडेलला बागेच्या आत नेण्याऐवजी सावलीच्या कडेवर, उघड्या आकाशाच्या बाजूला तोंड करून उभे करावे. बाग मागे गडद राहते आणि चेहऱ्यावर आकाशाचा स्वच्छ प्रकाश येतो. कवडसे मुद्दाम हवे असतील तर त्यांतला एक नेमका डोळ्यावर येईल इतके मॉडेलला हळूहळू सरकवावे. नाक आणि कपाळ यांवर पडलेले तुकडे कामाचे नसतात.

वाळूचा रंगही पाहावा. तारकर्लीची फिकट वाळू स्वतःच मोठ्या रिफ्लेक्टरचे काम करते आणि उभ्या माणसाच्या हनुवटीखाली, डोळ्यांखाली भरपूर प्रकाश टाकते. रत्नागिरीच्या मांडवीची काळसर वाळू तो प्रकाश गिळते. तारकर्लीत रिफ्लेक्टरशिवाय निभावलेली पोझ मांडवीत निभावेलच असे नाही.

भर दुपारी काम करणे भागच असेल तर कौलारू घराची पडवी शोधावी. मॉडेलला पडवीच्या कडेला, छपराच्या सावलीच्या रेषेपासून सुमारे हातभर आत उभे करावे आणि तोंड खळ्याकडे (अंगणाकडे) ठेवावे. वरचे ऊन छप्पर अडवते, समोरचे उन्हातले खळे खालून आणि समोरून प्रकाश फेकते, आणि घराचा आतला भाग काळोखी पार्श्वभूमी देतो. सारवलेल्या किंवा लाल मातीच्या खळ्यामुळे प्रकाश पिवळसर-तांबूस होतो, तेव्हा ग्रे कार्डवर व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) घेणे चुकवू नये. किनाऱ्यापर्यंत जाऊन पडवीत फोटो काढायचे का, असा प्रश्न मॉडेल विचारतीलच. दुपारी एक वाजता उत्तर होय असेच आहे.

इशारा: समुद्रालगतच्या कातळावर कालवांच्या धारदार शिंपल्या आणि शेवाळ असते. अनवाणी पोझ तेथे घेऊ नका. पाण्याकडे पाठ करून खडकावर उभ्या असलेल्या मॉडेलला लाट दिसत नाही, म्हणून एका सहकाऱ्याचे लक्ष सतत पाण्यावरच असले पाहिजे.

## टप्पा ५: एक्स्पोजर, फ्लॅशशिवाय

कॅमेऱ्याचे मीटर उजळ वाळू आणि आकाश पाहून फोटो गडद करते, आणि त्यात आपल्याकडचा सावळा, गव्हाळ चेहरा आणखी काळवंडतो. मग नंतर संगणकावर उजळवलेल्या चेहऱ्यात दाणे दिसतात आणि रंग राखाडी होतो. म्हणून मीटरिंग स्पॉटवर (फक्त छोट्या भागाचा प्रकाश मोजण्यावर) ठेवून चेहऱ्याच्या प्रकाशित बाजूवर माप घ्यावे, किंवा सर्वसाधारण मीटरिंग वापरत असाल तर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) जादा एक्स्पोजर द्यावे. सावळ्या कातडीवर स्पॉटचे माप घेतले तर उलट दिशेने सावध राहावे, कारण मीटर तिलाही मध्यम करडी समजून जरुरीपेक्षा उजळ करते. अर्धा स्टॉप कमी करून पाहावे.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नये. सूर्य खाली जात असताना ऑटो व्हाइट बॅलन्स तोच सोनेरी रंग पुसून टाकते ज्यासाठी आपण थांबलेलो असतो. उन्हात ५५०० केल्विन, उघड्या सावलीत ७००० केल्विनच्या आसपास ठेवून सुरुवात करावी आणि प्रत्येक नव्या जागी एक फोटो ग्रे कार्डसह काढावा.

मावळतीच्या विरुद्ध प्रकाशात फोटो घ्यायचाच असेल, तर चेहरा दाखवायचा की आकृती, याचा निर्णय आधी करावा. आकृती हवी असेल तर आकाशावर माप घ्या, मॉडेलला पूर्ण बाजूने उभे करा आणि हात-पाय शरीरापासून वेगळे दिसू द्या. चेहरा हवा असेल तर चेहऱ्यावर माप घ्या आणि आकाश पांढरे होईल हे मान्य करा, किंवा पुढच्या टप्प्यातला पूरक प्रकाश वापरा. दोन्ही एकाच फोटोत, पूरक प्रकाशाशिवाय मिळवण्याच्या हट्टातूनच अर्धवट काळा चेहरा आणि अर्धवट फिके आकाश असलेले फोटो तयार होतात.

तपासणी: उन्हात कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) पाहा, आणि लेन्सची काच पाहा. खाऱ्या हवेचा पातळ थर तिच्यावर बसला असेल तर विरुद्ध प्रकाशात संपूर्ण फोटो दुधाळ होतो.

## टप्पा ६: रिफ्लेक्टर आणि फ्लॅश

रिफ्लेक्टर मॉडेलच्या पायाशी जमिनीवर धरण्याची सवय मोडावी. खालून वर जाणारा प्रकाश हनुवटी आणि नाकपुड्या उजळतो आणि चेहरा भेसूर दिसतो. रिफ्लेक्टर छातीच्या किंवा चेहऱ्याच्या उंचीवर, सूर्याच्या विरुद्ध बाजूला धरावा आणि आधी थोडा दुसरीकडे वळवून मग हळूहळू चेहऱ्यावर आणावा. उघड्या उन्हात पांढरी बाजूच वापरावी. चंदेरी बाजूने डोळे मिटतात आणि सोनेरी बाजू सावळ्या-गव्हाळ कातडीला नारिंगी करून टाकते. चंदेरी बाजूचा उपयोग ढगाळ दिवशी किंवा पडवीत करावा.

पावसाळ्यात ढगांमुळे प्रकाश मऊ असतो, पण तो वरून येतो, म्हणून डोळे तरीही काळे दिसतात. जांभ्याच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) हिरवळीत काम करताना मॉडेलला चेहरा किंचित वर करायला सांगावे आणि रिफ्लेक्टर या एका प्रसंगी छातीच्या खाली, तिरका धरावा.

फ्लॅशचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. आधी फ्लॅश बंद ठेवून पार्श्वभूमीचे एक्स्पोजर ठरवा: आयएसओ १००, शटर १/२०० सेकंद, आणि आकाशात रंग उतरेपर्यंत अ‍ॅपर्चर बंद करत जा. आकाश मीटरच्या मापापेक्षा सुमारे एक स्टॉप गडद झाले की थांबा. त्यानंतर फ्लॅश कॅमेऱ्याच्या बाजूला सुमारे ४५ अंशांवर, मॉडेलच्या डोळ्यांपेक्षा थोडा उंच ठेवा, एक अष्टमांश शक्तीपासून सुरुवात करा आणि चेहऱ्यापुरती शक्ती वाढवा. आकाश आणखी उजळ हवे असेल तर आता फक्त शटर हलवा, कारण सिंकच्या (फ्लॅशशी जुळणाऱ्या कमाल शटरवेगाच्या) मर्यादेत शटरचा परिणाम फ्लॅशच्या प्रकाशावर होत नाही. अ‍ॅपर्चर हलवले की चेहरा आणि आकाश दोन्ही बदलतात. हा एवढा भेद समजला नाही म्हणून अनेकांचा सूर्यास्त फ्लॅशच्या बटणांशी झगडण्यात निघून जातो.

शटर सिंकच्या मर्यादेपलीकडे, म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंदापलीकडे नेले तर फोटोत काळी पट्टी येते. हाय स्पीड सिंक वापरता येतो, पण त्यात फ्लॅशची शक्ती बरीच कमी होते आणि उन्हात छोटा फ्लॅश पुरत नाही. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी करडी काच) लावला तर उन्हातले एफ ११ चे एक्स्पोजर त्याच शटरवर एफ ४ वर येते आणि पार्श्वभूमीही मऊ होते. मात्र फिल्टर फ्लॅशचा प्रकाशही तेवढाच कमी करतो, त्यामुळे अ‍ॅपर्चर उघडल्याने फ्लॅशला मिळालेला फायदा तेथेच संपतो. शक्ती कमी पडत असेल तर फ्लॅश जवळ आणावा. दोन मीटरवरून १.४ मीटरवर आणला की चेहऱ्यावरचा प्रकाश दुप्पट होतो.

मावळतीच्या वेळी उघडा फ्लॅश चेहऱ्यावर निळसर आणि परका दिसतो. अर्ध्या ताकदीचा नारिंगी सीटीओ जेल (फ्लॅशवर लावायची रंगीत पारदर्शक पट्टी) लावल्यास तो आसपासच्या उन्हात मिसळतो.

इशारा: समुद्रावरच्या वाऱ्यात छत्री स्टँडवर लावून सोडू नका. वाळूची पिशवी बांधलेली असली तरी छत्री उलटते आणि फ्लॅश वाळूत जातो. लहान सॉफ्टबॉक्स घ्या आणि तो सहकाऱ्याच्या हातात द्या.

## टप्पा ७: पोझ, पायांकडून वर

येथवरचे टप्पे झाले असतील तर पोझचे अर्धे काम आपोआप झालेले असते, कारण मॉडेलने कोणीकडे तोंड करायचे हे प्रकाशाने आणि वाऱ्याने आधीच ठरवलेले आहे. पोझ नेहमी पायांपासून रचावी. चेहऱ्यापासून सुरुवात केली की खालचे शरीर ताठ राहते.

पाय: वजन मागच्या पायावर, पुढचा गुडघा किंचित सैल. मऊ वाळूत मागचा पाय रुतून कंबर वाकडी होते, म्हणून ओल्या कडक वाळूवर उभे करावे किंवा दोन्ही पायांखालची वाळू आधी दाबून घ्यावी. पावले कॅमेऱ्याकडे सरळ रोखलेली नकोत, तिरकी असावीत.

कंबर आणि खांदे: कंबर कॅमेऱ्यापासून थोडी दूर, खांदे थोडे तिरके आणि दोन्ही एका पातळीत नसलेले. हात शरीराला चिकटले की दंड रुंद दिसतो, म्हणून कोपर आणि कंबर यांमध्ये फट ठेवावी. त्या फटीतून मागचे पाणी किंवा आकाश दिसले की आकृतीही सुटसुटीत होते.

हात: हाताची करंगळीकडची बाजू कॅमेऱ्याकडे असावी, पंजाची पाठ किंवा तळवा नव्हे. मॉडेलला हातांचे काय करावे हे सुचत नसेल तर त्यांना काम द्यावे: पदर धरणे, केसांतला गजरा नीट करणे, चपला बोटांत अडकवणे, होडीच्या काठावर हात टेकणे. टेकताना भार देऊ नये, नाहीतर मनगट चपटे होते.

मान आणि चेहरा: हनुवटी आधी थोडी पुढे, मग किंचित खाली. ही हालचाल मॉडेलला विचित्र वाटते, पण जबड्याची रेषा तिनेच उठते. चेहरा वळवताना नाकाचे टोक पलीकडच्या गालाच्या रेषेबाहेर जाऊ देऊ नये. नाक प्रकाशाच्या दिशेकडे वळले की गालांवरच्या सावल्या व्यवस्थित बसतात. डोळे मिटत असतील तर मॉडेलला डोळे बंद करायला सांगा, तीनपर्यंत मोजा, उघडायला सांगा आणि उघडताच फोटो घ्या.

सूचना नेहमी मॉडेलच्या डाव्या-उजव्याने द्यावी: "तुमचा उजवा खांदा थोडा खाली घ्या," असे. स्वतः ती हालचाल करून दाखवणे सर्वांत चांगले. केस, पदर किंवा दागिना हाताने नीट करायचा असेल तर आधी विचारावे, आणि शक्य असेल तर ते काम मेकअप करणाऱ्यांकडे सोपवावे.

बसण्याच्या पोझसाठी जांभ्याचा गडगा आकर्षक असतो, पण जांभा कपड्याला लाल डाग पाडतो आणि त्याची खरबरीत बाजू साडीचे धागे ओढते. पंचा घालून, तो फोटोत दिसणार नाही असा दुमडून, मॉडेलला अगदी कडेवर बसवावे. पूर्ण मागे सरकून बसल्यास मांड्या पसरतात आणि पाठ वाकते.

चालण्याच्या पोझमध्ये मॉडेलला कॅमेऱ्याच्या दिशेने सरळ न चालवता थोडे तिरके चालवावे. आठ-दहा पावले पुरेत. सतत फोकस, शटर १/५०० किंवा अधिक, आणि नजर कॅमेऱ्यावर न ठेवता थोडी बाजूला. पदर वाऱ्यावर हवा असेल तर सहकाऱ्याने पदराचे टोक उचलून सोडावे आणि चौकटीबाहेर पडावे. मॉडेलने स्वतः पदर उडवला की खांदा वर जातो आणि चेहऱ्यावर प्रयत्न दिसतो.

तपासणी: क्षितिजाची रेषा मानेतून किंवा डोक्यातून जात नाही ना? पूर्ण आकृतीसाठी कॅमेरा कंबरेच्या उंचीवर आणा, क्षितिज खांद्यांखाली उतरते. कोणाच्या डोक्यातून माड उगवलेला नाही ना, हेही पाहा. कोकणात ही चूक पावलोपावली वाट पाहत असते.

## टप्पा ८: संध्याकाळचा क्रम

सूर्य क्षितिजावर चार बोटे असताना, म्हणजे साधारण अर्धा तास उरलेला असताना, जमीन पाठीशी घेऊन समोरच्या सोनेरी प्रकाशातले फोटो सुरू करावेत. हे मुख्य फोटो आहेत, त्यांना बहुतेक वेळ द्यावा. सूर्य बोटभर उरला की पूर्ण वळून समुद्र पाठीशी घ्यावा आणि आकृतीचे मोजके फोटो काढावेत. सूर्य बुडाल्यावर बहुतेक जण सामान आवरतात, ते चुकते. पुढील वीस-बावीस मिनिटे आकाशात रंग असतो, त्याची चमक चेहऱ्यावरच्या प्रकाशाच्या जवळपास आलेली असते, आणि सहाव्या टप्प्यातल्या क्रमाने कमी शक्तीचा फ्लॅश लावला की समुद्र व चेहरा दोन्ही एकाच फोटोत मिळतात. या काळात प्रकाश वेगाने उतरतो, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी शटर एक पायरी कमी करावे. १/६० सेकंदाच्या खाली जाऊ लागल्यास आयएसओ वाढवावा आणि फ्लॅशची शक्ती त्या प्रमाणात घटवावी.

वारा अजून समुद्राकडूनच येत असेल, तेव्हा या शेवटच्या फोटोंत मॉडेलला पूर्ण पाठमोरे न ठेवता बाजूने उभे करावे, चेहरा वाऱ्याकडे वळवावा आणि केस एका बाजूने मागे घ्यावेत. लांब, मोकळ्या केसांपेक्षा या वेळी अंबाडा किंवा सैल वेणी बरी.

## टप्पा ९: परत निघण्यापूर्वी

मेमरी कार्ड कॅमेऱ्यातून काढण्याआधी हात कोरडे करा. कॅमेरा आणि लेन्स आधी ब्लोअरने झटकून मग गोड्या पाण्यात किंचित ओलसर केलेल्या फडक्याने पुसा; वाळू झटकल्याशिवाय पुसल्यास काचेवर ओरखडे पडतात. ट्रायपॉड आणि लाइट स्टँडचे पाय पूर्ण उघडून त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवावेत, कारण सांध्यांत शिरलेली वाळू आणि मीठ दुसऱ्या दिवशी कुलुपे अडकवतात. फोटोंची एक प्रत निवासावरच दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती प्रत उघडून पाहेपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका.